श्रेणिकची न मारलेली कोंबडी

दोन वर्षांमागे, ऐन थंडीत, नवापुरात कुजबूज सुरू झाली की भांडीवाल्या भंवरलालजींचा श्रेणिक दीक्षा घेऊन जैन साधू होणार.

पहिल्यांदा कोण बोललं ते विचारू नका. आमच्याकडे बातमी कुठेही जन्मो, तिचं बारसं छबूबाईच्या भाजीच्या गाडीपाशीच होतं. मेथीच्या जुड्या सोडवता सोडवता छबूबाई गिऱ्हाइकाला सांगायची, "इतला देखना पोऱ्या, नि डोकाना केस हातवरी उपटतीन म्हने! मायनं काळीज कसं ऱ्हाई वं?" ऐकणारी बाई आपल्या गल्लीत पोहोचेपर्यंत श्रेणिकचे निम्मे केस उपटून झालेले असायचे. त्यात आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत. बातमीला परराज्यात जायला गाडीची वाट बघावी लागत नाही, बाकड्याच्या या टोकावरून त्या टोकाला सरकली की झालं.

एके दिवशी बँडवाला दुकानात डोकावला. "शेठ, मिरवणुकीला आमचाच बँड हं!"

भंवरलालजी मुलाच्या लग्नाच्या विचारात होते. खूश होऊन म्हणाले, "तुमचाच, तुमचाच! दुसरं कोण?"

झालं. बापानंच होकार दिल्यावर आता काय राहिलं?

आणि पुरावे काही थोडेथोडके नव्हते. दिवस मावळला की भंवरलालजींच्या माडीवरच्या खोलीला आतून कडी लागायची. घरातली मंडळी जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायची, पण श्रेणिक पानावर बसायचाच नाही. "भूक नाही" म्हणायचा. सूर्यास्ताआधी जेवायचं नाही, सूर्यास्तानंतर तर खायचंच नाही, म्हणजे उपास नाही तर काय? आणि वर कुठली कुठली अनोळखी माणसं दुकानात येऊन त्याला "गुरुजी, गुरुजी" करायची. तोरणमाळचा नवलसिंग बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला वाटेतला शहाद्याचा अख्खा बाजार टाकून नवापूरला आला आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत श्रेणिकच्या पाया पडून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलं म्हणून मी कोंबडी सोडून दिली. आता रात्री भीती वाटत नाही."

दुकानासमोरच्या भाजीच्या गाडीवरून छबूबाईनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. दीक्षेला याच्यापुढे आणखी काय लागतं?

हे सगळं नेमकं अशा वेळी, जेव्हा नंदुरबारच्या कापडवाल्या ललितभाईंच्या चांदनीशी श्रेणिकचं जुळत आलं होतं. एकदाच बघितलं होतं त्यानं तिला. तेव्हापासून गिऱ्हाइकानं ताट मागितलं की हा परात काढून द्यायचा. आता ही कुजबूज नंदुरबारला पोहोचली तर चांदनी हातची जाणार, हे त्याला कळत होतं. आणि नंदुरबार काही लांब नाही.

पण आधी ती कोंबडी काय ते सांगतो, नाहीतर तुम्हीही छबूबाईसारखे भलतंच धरून बसाल.

श्रेणिक सुरतेहून बी.कॉम. होऊन आलेला. बापाच्या मते तो शिकून आला, आणि आमच्या मते एक ऑनलाइन खेळ शिकून आला. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, इकडची पोरं त्याला नुसतं 'वस्ती' म्हणतात. तुम्हाला एका रानात उघडंबोडकं सोडून देतात. तिथं खायचं शोधायचं, झोपडी बांधायची, शेत करायचं. त्याच रानात जगभरची हजारो माणसं खेळत असतात, त्यांतली काही तुमच्यासारखी गरीब आणि बाकीची लुटारू. नवा माणूस बहुधा पहिल्याच रात्री मरतो. कारण त्याला कोणी काही सांगत नाही.

श्रेणिकला वाटलं, आपण सांगावं. त्यानं नव्या खेळाडूंसाठी वेबसाइट काढली. काय तिचं पहिलं रूप! काळ्या पाटीवर लाल अक्षरं, कडेनं हलत्या ज्वाळा आणि भाषा इंग्रजी लिपीतली हिंदी. किती लोकांनी बघितलं ते दाखवणारा आकडा खाली होता. तो रोज वाढायचा, कारण किती वाढला ते बघायला श्रेणिक स्वतःच सारखा साइट उघडायचा.

त्याचा मित्र लोटन, प्रकाशा गावच्या पाटलांचा मुलगा, पंचायत समितीत कारकून. तोही हाच खेळ खेळायचा. त्यानं एक दिवस तोंडावर सांगितलं, "भाऊ, तुन्ही साइट जाणत्यासनी जाणत्यासकरता शे. नवा माणूस हाई देखीसन खेळना आधीच मरी जाई."

"मग काय करू?"

"ज्याले काहीच समजत नही, असा माणूस धर. त्याले बसाड. तो जठे आडकी, तठे लिख."

काहीच समजत नाही असा माणूस घरातच होता. श्रेणिकनं आईला, सज्जनबाईंना, कॉम्प्युटरपुढे बसवलं. सज्जनबाई म्हणजे जैन उपाश्रयातल्या महिला मंडळाच्या पुढारी. कांदा-लसूण घरात नाही, पाणी गाळल्याशिवाय घोट नाही. सूर्यास्तानंतर मोबाइलला हात लावायचा नाही, अशी शपथ त्यांनी अख्ख्या मंडळाला घालून दिली होती. छबूबाईच्या नातीच्या बारशालासुद्धा त्यांनी मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण केलं होतं.

खेळ सुरू झाला. पडद्यावर एक उपाशी माणूस उभा, आणि त्याच्यापुढून एक कोंबडी चाललेली. खाली अक्षरं आली: हिला मारा आणि खा.

सज्जनबाई खुर्चीतून उठल्याच. आधी हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हणत कोंबडीची क्षमा मागितली, मग मुलाकडे वळल्या. "हे शिकायला तुला सुरतेला पाठवलं होतं?"

"मम्मी, खोटी कोंबडी आहे ती."

"कोंबडी खोटी असेल, मारायची इच्छा तर खरी ना? दुसरं काय खायला आहे ते सांग."

"जमिनीत रताळी आहेत. खणून काढायची."

"कंदमूळ!"

"मग बोरं. पण ती लांब आहेत, तिकडे जाईपर्यंत—"

"बोरं चालतील."

त्या माणसाला घेऊन बाई बोरींपर्यंत पोहोचल्या आणि तेवढ्यात खेळातला सूर्य मावळला. बाईंनी हात आखडता घेतला. "आता उद्या सकाळी."

"मम्मी, तो मरेल!"

"मरू दे. रात्री खाऊन जगण्यापेक्षा बरं."

मेला. दुसऱ्या खेपेलाही मेला. पण सज्जनबाई कुठल्याही गोष्टीत हरणाऱ्यातल्या नाहीत, भंवरलालजींना विचारा. दिवस असतानाच बोरी गाठायच्या, वाटेत थांबायचं नाही, मग गहू पेरायचा, हे त्यांनी हळूहळू बसवलं. आणि ती कोंबडी? तिला त्यांनी दाणे टाकून पाळली. त्यातून एक भलतीच गोष्ट निघाली. कोणी लुटारू झोपडीजवळ येऊ लागला की कोंबडी कलकलाट करायची. खेळ बनवणाऱ्यांनी ती युक्ती तिथं ठेवली होती, पण सगळे जण पहिल्याच मिनिटाला कोंबडी खाऊन मोकळे होत असल्यामुळे ती कोणाला माहीतच नव्हती.

श्रेणिकनं ज्वाळा विझवल्या. साइट पांढरी झाली, मराठी झाली, आणि आईनं विचारलेले प्रश्नच पानांची नावं झाली. 'हा माणूस कोण, मीच का?' 'एवढ्यात अंधार कसा पडला?' 'दुसऱ्याच्या शेतातून गेलं तर तो रागावतो का?' सगळ्यात वर पान होतं, 'कोंबडी मारू नका.' पुढे लोटननं अहिराणीत आवाज भरला. 'आते काय करानं?' असं लिहिलेलं बटण दाबलं की लोटन कानात बोलायचा. तोरणमाळच्या नवलसिंगनं त्याच्या पावरी बोलीत भरून पाठवला. मग पानं वाचून श्रेणिकला 'गुरुजी' म्हणणारी पोरं नंदुरबारपासून पार अमरावतीपर्यंत पसरली. आमच्या नवापुरात कुक्कुटपालनाच्या शेडांना तोटा नाही. तिथली पोरं दिवसभर कोंबड्या गाड्यांत भरून सुरतेला धाडायची आणि संध्याकाळी हात धुऊन खेळातली एकेक कोंबडी जिवापाड जपायची. एक शेडवाला श्रेणिकला रस्त्यात अडवून म्हणाला, "भाऊ, मन्हा धंदा बुडाडशी का?"

आता माडीवरच्या खोलीचं. शिकवणी संपली, साइट उभी राहिली, पण सज्जनबाई काही खुर्चीवरून उठल्या नाहीत. दिवस मावळला की प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपून त्या आत जायच्या आणि कडी लावून घ्यायच्या. गव्हाचं शेत मोठं झालं होतं, आणि एका रशियन माणसाशी त्यांचं बांधावरून भांडण चाललं होतं. शपथेचं म्हणाल तर ती मोबाइलची होती, कॉम्प्युटरची कोणी घेतली नव्हती. तरी मंडळात कळलं असतं तर बायकांनी त्यांना जाजमावर बसू दिलं नसतं. म्हणून घरातही बोलायचं नाही, असं मायलेकांचं ठरलं होतं. भंवरलालजी दुकान बंद करून यायचे, बंद दार बघायचे आणि समजायचे, पोरगा हिशेब करतोय.

अखेर व्हायचं ते झालं. एका रविवारी दुपारी ललितभाई नंदुरबारहून गाडी करून आले. सोबत चांदनी. आलेत म्हणजे सुपारी फोडायलाच, अशा समजुतीत भंवरलालजींनी पेढे मागवले. लोटनही येऊन बसला होता.

ललितभाईंनी पेढ्याला हात लावला नाही. "भंवरलालजी, दीक्षा म्हणजे मोठं पुण्य. आडवं येऊन पाप कोण घेणार? पण फेरे झाल्यावर जावई निघून गेला, तर मी पोरीला काय सांगू?"

"दीक्षा?" भंवरलालजी म्हणाले. "कोणाची?"

अख्ख्या नवापुरात ही बातमी न कळलेला तो एकच माणूस होता.

"बँडवाल्याला तुम्ही हो म्हणालात."

"ते लग्नाचं!"

"श्रेणिक संध्याकाळचं जेवत नाही, खरं की नाही?"

"खरं."

"माडीवर रोज कडी लागते, खरं?"

"खरं."

"मग आत कोण बसतं?"

श्रेणिकचा चेहरा नव्या पातेल्याच्या आतल्या बाजूसारखा पांढरा झाला. मी बसतो म्हणावं तर चांदनी गेली. मी नसतो म्हणावं तर, मग तू कुठे असतोस, हा प्रश्न ठेवलेलाच. त्याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, पण बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं चांदनीकडे बघितलं. चांदनी पेढ्यांकडे बघत होती.

सज्जनबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभ्या राहिल्या.

"आत मी बसते," त्या म्हणाल्या. "चला, दाखवते. आणि ललितभाई, मंडळात बोललात तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

सगळी वरात माडीवर गेली. कॉम्प्युटर उघडला. गव्हाचं हिरवंगार शेत, झोपडी, कुंपण, आणि दारात ती कोंबडी. सज्जनबाई समजावून सांगणार, तोच कोंबडी कलकलाट करू लागली.

"थांबा, थांबा! कोणीतरी शिरलंय." बाई पाहुणे विसरल्या, खुर्ची ओढून बसल्या. "तोच मेला रशियन!"

"हे आमच्या घरात रोज चालतं?" भंवरलालजींनी लोटनला हळूच विचारलं.

"आपलं वावर चांगलं शे, शेठजी," लोटन म्हणाला.

ललितभाई आधी हात मागे बांधून लांब उभे होते. मग एक पाऊल पुढे आले. मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकले. "डावीकडून, सज्जनबेन, डावीकडून! फाटक लावा आधी! अहो, फाटक!"

फाटक लागलं. रशियन बाहेर राहिला. ललितभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं आणि पेढा मागितला.

सगळे हसत होते. तेवढ्यात चांदनी पहिल्यांदाच बोलली, आणि सरळ श्रेणिकशीच बोलली. "आई इथं असतात. मग तुम्ही कुठे असता?"

सज्जनबाईंनीही मान वळवली. "अरे हो. तू कुठे असतोस रे?"

श्रेणिकनं लोटनकडे बघितलं. लोटनच पुढे झाला.

"विसरवाडीले, ताई. मी नि हाऊ, दोन्ही जण. साइटनं काम ऱ्हास. तठे हायवेवर नेटवर्क भारी शे."

"रोज?"

"रोज."

"आणि जेवण?"

"कामात भूकच लागत नाही," श्रेणिक म्हणाला.

चांदनीनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं." आणि पेढ्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. श्रेणिकनं दोन पेढे एकदम तोंडात टाकले, म्हणजे आणखी काही बोलावं लागू नये.

वैशाखात लग्न झालं. बँड त्याच बँडवाल्याचा. छबूबाई मिरवणूक बघायला गाडी सोडून आली आणि शेजारणीला म्हणाली, "दीक्षा कॅन्सल व्हयनी म्हने. माय आडी पडनी." साइट अजून आहे. वरती कोंबडीचं चित्र आहे, आणि नव्या माणसांच्या प्रश्नांना आता सासू-सून मिळून उत्तरं देतात. रशियनाशी समेट झाला आहे. ललितभाईंचंही शेत आहे, बांधाला बांध लावून. नंदुरबारला कोणाला सांगू नका.

राहिलं ते विसरवाडीचं. विसरवाडीचं नेटवर्क नवापूरपेक्षा चांगलं नाही. श्रेणिक रोज संध्याकाळी तिथं नाक्यावरच्या हातगाडीवर आमलेट खायला जात असे.