गाणारा मन्मथ, ओरडणारा अविनाश

रेकॉर्डिंगच्या धंद्यात एक आहे. गाणं असतं चार मिनिटांचं, पण ते होईपर्यंत माणसं आठ-आठ दिवस एका खोलीत कोंडलेली असतात. कोंडली की बोलतात, भांडतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात. गाण्याची कॅसेट होते आणि उरलेल्याचे किस्से. बीडला हनीफभाईंच्या स्टुडिओत मी बरीच वर्षं काढली. तिथल्या कॅसेटी आज कुणाकडे सापडणार नाहीत, किस्से मात्र दोन पोती भरतील. त्यातले हे एकाच बँडचे.

स्टुडिओ म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि मधे एक काच. परदेशी सामान मिळणं सोपं झालं तसं हनीफभाईंनी मुंबईहून चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणला, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं मशीन. त्याआधी ते सभांना लाऊडस्पीकर लावायचे आणि मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. आम्ही भजनं घ्यायचो, भीमगीतं घ्यायचो, इलेक्शन आलं की रिक्षावर लावायच्या घोषणा घ्यायचो. सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजची चार पोरं गिटार घेऊन जिना चढून आली.

*

पोरांनी केबलवर इंग्रजी गाण्यांचं चॅनल बघून बँड काढला होता. पुण्याला कॉलेजच्या बँडांची स्पर्धा होती, तिला कॅसेट पाठवायची होती. एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि दोन गाणारे. एक सिरसाळ्याचा मन्मथ, लहानपणापासून भजनात वाढलेला, गळा असा की ऐकत राहावं. दुसरा चकलांब्याचा अविनाश. बारीक, चष्मेवाला, "पाणी मिळंल का" हेसुद्धा दोनदा मनात म्हणून मग विचारणारा.

हनीफभाईंनी विचारलं, हा काय गातो? मन्मथ म्हणाला, हा गात नाही, हा ओरडतो.

आम्हाला वाटलं चेष्टा आहे. अविनाशला माइकसमोर उभं केलं आणि मी भजनाला ठेवतो तेवढाच आवाज ठेवून मशीन सुरू केलं. अविनाशने चष्मा काढून खिशात घातला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मीटरची सुई शेवटाला जाऊन आपटली. हनीफभाईंनी हेडफोन काढून फेकलाच.

मिनिटभरात जिन्यावर पावलं वाजली. खालचे दुकानदार लाकडी दांडका घेऊन धापा टाकत वर आले. कुणाला तरी करंट लागला म्हणून सोडवायला आले होते ते. अविनाश दाराशी गेला, चष्मा लावला आणि इतक्या हळू "सॉरी काका" म्हणाला की दुकानदारांना ते ऐकूच आलं नाही. ते मला म्हणाले, "ह्या लेकराला पाणी द्या आधी, लई घाबरलंय."

*

हनीफभाईंकडे कॉम्प्रेसर एकच होता. कॉम्प्रेसर म्हणजे आवाज एकदम उसळला की त्याला दाबून धरणारी पेटी. मी विचारही न करता तो अविनाशच्या आवाजाला लावला. ओरडणाऱ्याला आवरायचं, गाणाऱ्याला मोकळं सोडायचं, सरळ हिशेब.

तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली. अविनाशचं ओरडणं मेल्यासारखं वाटायला लागलं. शेजारच्या बिल्डिंगीत कुणी भांडतंय आणि आपण खिडकी लावून घेतलीय, तसं. आणि मन्मथचा आवाज एका शब्दाला गिटारखाली बुडायचा, दुसऱ्या शब्दाला अंगावर यायचा.

लाऊडस्पीकरच्या धंद्यात हनीफभाईंचा एक कान कमी झाला होता, म्हणून त्यांना ऐकण्यापेक्षा बघायची सवय. चौथ्या दिवशी ते म्हणाले, ऐकू नको, नुसती सुई बघ. मी आवाज बंद करून सुया बघत बसलो. अविनाश ओरडायला लागला की सुई वर जायची आणि खिळा ठोकल्यासारखी तिथेच राहायची. मन्मथची सुई मात्र टोळासारखी उड्या मारत होती.

"मधुकर," हनीफभाई म्हणाले, "ओरडणारा एकाच उंचीवर हाय. खालीवर गाणारा करायलाय. मग दवा कुणाला पायजे?"

मी कॉम्प्रेसर काढून मन्मथला लावला आणि दोघंही एका खोलीत आल्यासारखे वाटायला लागले. अविनाश खूश झाला. मन्मथ दिवसभर घुश्शात होता. संध्याकाळी चहा पिताना त्याने मला विचारलं, "मधुकरदादा, खरं सांगा. माझा आवाज आजारी हाय का?"

*

आठवडाभरात अविनाशचा आवाज बसला. बोलायला गेला की नुसती हवा यायची. कुणी ज्येष्ठमध आणून दिला, कुणी हळदीचं दूध. मन्मथचं तोंड उतरलं, कारण अविनाश नसेल तर गाणं अर्धंच होतं आणि स्पर्धेची तारीख जवळ येत होती.

त्यातच मन्मथचे वडील आले. अप्पा सिरसाळ्याच्या मोंढ्यात धान्याचा लिलाव पुकारायचे. मोंढा बंद होता म्हणून पोराची भेट घ्यायला बीडला आलेले. पोरगं भजनाची कॅसेट करतंय असं त्यांना सांगितलेलं होतं. वर येऊन बघतात तर गिटार, ड्रम आणि कोपऱ्यात हळदीचं दूध पीत बसलेला मुका अविनाश. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मन्मथने सगळं कबूल केलं आणि खाली मान घालून उभा राहिला.

अप्पांनी गाणं लावायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग मन्मथकडे न बघता अविनाशकडे गेले.

"गळ्यातनं ओरडायलास बाबा. असं केलं तर महिनाभरात घसा संपंल." त्यांनी त्याचा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला आणि तुरीचा लिलाव पुकारला. खोलीतली काच थरथरली, पण अप्पांच्या मानेची एक शीर फुगली नाही. ऐन हंगामात ते सकाळपासून दुपारपर्यंत हेच करतात, आणि आवाज एकदाही बसलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग पाच दिवस अविनाशला बोलू दिलं नाही, आणि त्यानंतर तीन रविवार अप्पा सिरसाळ्याहून येऊन त्याला पोटातनं आवाज काढायला शिकवत होते.

पहिल्या दिवशी जाताना त्यांनी मन्मथला विचारलं होतं, त्यो आरडतो, मग तू काय करतोस? मन्मथ म्हणाला, मी गातो.

"मग बरं हाय," अप्पा म्हणाले. "आमच्यातबी भाव पुकारणारा एक असतो आन् गोड बोलून सौदा जुळवणारा दुसरा."

*

आता आवाज होता, पण जागा नव्हती. आमच्या खोलीला वर स्लॅब, खाली फरशी. भजनाला ती घुमणारी खोली गोड वाटायची. ओरडणं मात्र त्यात लांब जायचं, विहिरीतून आल्यासारखं. मन्मथच्या आवाजाला थोडं घुमणं हवं होतं आणि अविनाशला अजिबात नको. तो कानाशी येऊन ओरडतोय असं वाटायला हवं होतं.

हनीफभाईंच्या ओळखीच्या एकांचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. गोदामात छतापर्यंत कापूस भरलेला. आम्ही मशीन तिकडे नेलं आणि कापसाच्या दोन ढिगांमधे अविनाशला उभं केलं. टाळी वाजवून बघितली. टाळी जिथल्या तिथे विरली. मला आनंदाने काही सुचेना.

दुपारच्या सुट्टीत जिनिंगची यंत्रं बंद होती. कामावरच्या बायका दाराशी भाकरी खात बसल्या होत्या. पहिलं ओरडणं झालं तशा त्या उठून आत आल्या. त्यांच्यातल्या एका वयस्कर मावशीने विचारलं, कुणी मारलं का ह्याला? मी सांगितलं की गाणं आहे. तिने परत एकदा लावायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि अविनाशला विचारलं की तू नेमकं काय म्हणतोयस. त्याने सांगितलं, इंग्रजी आहे मावशी. गाव सोडून आलेल्या पोराचं आहे, त्याचं कुणी ऐकत नाही म्हणून ओरडतो.

"मग इंग्रजीत कावून?" मावशी म्हणाली. "आमी ऐकायलो की हितं."

अविनाश कापसावर बसला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि वहीतल्या इंग्रजी ओळी खोडल्या. सुट्टी संपायच्या आत त्याने गाणं मराठीत लिहून काढलं आणि त्या बायकांसमोरच ओरडून रेकॉर्ड केलं. मन्मथच्या ओळी मग स्टुडिओत मराठीत घेतल्या. पुण्याला गेलं ते हेच गाणं.

*

मिक्सिंग म्हणजे शेवटी सगळे आवाज आपापल्या जागी बसवायचे. प्रत्येक आवाजाला एक सरकतं बटण असतं, त्याला फेडर म्हणतात. आमच्या मशीनवर ते गाणं चालू असताना हातानेच वरखाली करावं लागायचं.

अविनाश सकाळी एकटा यायचा आणि म्हणायचा, दादा, माझा थोडा वाढवा. मन्मथ दुपारी एकटा यायचा आणि तेच म्हणायचा. मला दोघांनाही नाही म्हणता येईना. चार दिवसांत गाण्याचा पार चिखल झाला. मग दोघांना कळलं आणि भांडण सुरू झालं. ओरडण्याशिवाय गाण्यात दम नाही म्हणे. गाण्याशिवाय ओरडणं कोण ऐकणार म्हणे. मन्मथ तर बॅग उचलून जिन्यापर्यंत गेला.

हनीफभाईंनी त्याला परत बोलावलं. दोघांना मशीनसमोर शेजारी बसवलं. मन्मथचा फेडर अविनाशच्या हातात दिला आणि अविनाशचा मन्मथच्या. मला म्हणाले, तू उठ.

पहिल्या वेळी दोघांनी एकमेकांना इतकं खाली ओढलं की गाण्यात नुसती गिटार उरली. हनीफभाईंनी टेप मागे घेतली. दुसऱ्या वेळी मन्मथची कडव्याच्या शेवटची लांब तान आली आणि अविनाशचा हात आपोआप वर गेला. लगेच पुढे अविनाशचं ओरडणं होतं. मन्मथने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि फेडर वर नेला, मी नेला असता त्याच्याही वर. त्यानंतर दोघं दिवसभर एकमेकांनाच वाढवत बसले, आणि शेवटी मला मधे पडून सांगावं लागलं की आता दोघंही थोडे खाली या.

*

पुण्याहून पत्र आलं, बँडची निवड झाली. पोरं एसटीने गेली, आम्हीही गेलो. नंबर आला नाही, पण मराठी गाणं सुरू झालं तेव्हा मागची पोरं उठून पुढे आली, आणि संपल्यावर परत म्हणा म्हणून ओरडायला लागली. तिथल्या साऊंडवाल्याने मला गाठून विचारलं की कॅसेटचं मिक्सिंग कुठे केलं. मी म्हटलं, बीडला. तो म्हणाला, बीड म्हणजे मुंबईत कुठे?

"मुंबईच्या बरंच अलीकडं," मन्मथने सांगितलं.

नंतर औरंगाबादेहून, नांदेडहून असे बँड आमचा जिना चढायला लागले. मन्मथ आता नोकरी सांभाळून पोरांना गाणं शिकवतो. अविनाश वीज खात्यात इंजिनिअर आहे आणि अजून ओरडतो.

*

आता एक किस्सा राहिला. मिक्सिंगला बसायच्या आदल्या दुपारचा.

अविनाशची आई चकलांब्याला नर्स होती. कुठल्याशा मीटिंगला बीडला आली होती, ती पोराला भेटायला वर आली. आवाज अविनाशसारखाच, कान पुढे करून ऐकावा लागायचा. तिने गाणं ऐकलं. मग म्हणाली, नुसता अविनाशचा आवाज ऐकवता येईल का? मी बाकीचे तीन ट्रॅक बंद केले. तिने हेडफोन लावून ते दोनदा ऐकलं. पोराला विचारलं, घसा दुखतो का? तो म्हणाला, न्हाई, पोटातनं काढायचं असतं. तिने मान हलवली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि मला म्हणाली, "मला करून बघायचंय."

मी अविनाशकडे बघितलं. तो दार उघडून तिला आत घेऊन गेला, माइकसमोर उभं केलं, हेडफोन लावून दिला आणि बाहेर आला.

चारही ट्रॅक भरलेले होते. ड्रम, गिटार आणि हे दोघं. मी त्याला हळूच सांगितलं, नुसतं वाजवतो, रेकॉर्ड करत नाही. पाचवा ट्रॅक नाही. करायचं तर तेवढ्या जागेवरचं तुझंच पुसून तिथे करावं लागेल.

गाणं सुरू केलं. ओरडायची जागा आली आणि गेली. काचेपलीकडे ती नुसती उभी होती. पुन्हा लावा म्हणाली. पुन्हा लावलं. पुन्हा जागा गेली. तिने चप्पल काढून बाजूला ठेवली आणि तिसऱ्यांदा लावा म्हणून हात केला.

अविनाश माझ्या शेजारी वाकला. "माझ्यावरच घ्या," म्हणाला.

"पुसलं जाईल तुझं."

"जाऊ द्या."

मी बटण दाबलं. जागा आली, आणि सुई शेवटाला जाऊन आपटली. पुण्याच्या कॅसेटवर ती एक जागा तिचीच राहिली.

ती बाहेर आली, ग्लासभर पाणी प्यायली. पदर नीट करून तिने पर्स उचलली. हनीफभाई उभे राहिले होते. त्यांनी अगदी सांभाळून विचारलं, ताई, अजून एकदा घेऊया का?

"न्हाई," ती म्हणाली. "एवढंच होतं."