पहिला तांब्या साहेबांचा

देवणीजवळच्या एका गावात माझी जीप पोचली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. हातपंपापासून घागरींची रांग लागली होती. बायका सावली बघून बसल्या होत्या आणि आमचा फिटर गुंडप्पा पान्हा मांडीवर घेऊन ओट्यावर.

"अजून दुरुस्त नाही झाला?" मी विचारलं.

"सकाळीच झालाय, सायेब. तुमचीच वाट बघायलाव."

दुष्काळ होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. जिल्हा नवा, खुर्च्या मात्र जुन्या जिल्ह्यातून आलेल्या. हातपंप दुरुस्तीची तीन पथकं माझ्या हाताखाली होती. पंप बंद पडला की बहुतेक वेळा वॉशर गेलेला असतो. वॉशर म्हणजे पाणी वर ओढणाऱ्या दट्ट्यावरची चामड्याची वाटी. पाईप वर काढायचे, वाटी बदलायची, पाईप पुन्हा सोडायचे. गुंडप्पाचा तो हातखंडा होता. पण नियम असा की चाचणी इंजिनिअरसमोरच, तोवर दांड्याला कुलूप. पथकं तीन आणि इंजिनिअर मी एकटा.

"लेकरू तापानं फणफणलंय," एक बाई म्हणाली, "आन पाणी हितं कुलपात."

मी किल्ली लावली. रिवाजाप्रमाणे पहिला तांब्या मला दिला. तिच्यासमोर मी तो न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो.

"चाचणी फिटरवर सोपवू द्या, सर."

"पंप पुन्हा बंद पडला तर फिटरला धरू?"

"मला धरा. मी अचानक जाऊन तपासत जाईन."

"लोक अधिकार मागायला येतात, तुम्ही वाटायला निघालात! करा. बोंब झाली तर तुमच्या नावावर."

खरं सांगतो, किल्ल्या देणं माझ्या जिवावर आलं. बायको नांदेडला शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. मी लातुरात एका खोलीत. दिवसभरात कोणी मायेनं बोलायचं ते या गावांतच. "सायेब, भाकर खाऊन जावा," म्हणायचे, मुलीची चौकशी करायचे. किल्ल्यांबरोबर तेही जाणार होतं.

तिन्ही फिटरना बसवून सांगितलं, "पाणी आलं की दांडा थांबवा. थोड्या वेळानं परत मारा. लगेच पाणी आलं तर पंप गावाच्या ताब्यात द्या. अडलात तरच मला बोलवा."

एका पथकानं घाईत एक पंप बिघडवला. बोलणी मी खाल्ली, पंप त्यांनीच पुन्हा उघडला. बाकी पंप त्या त्या दिवशीच सुरू होऊ लागले. मला कोणी बोलवेना. मी ऑफिसात रिपोर्ट लिहायचो, खानावळीत जेवायचो आणि खोलीवर जायचो. कामाचं समाधान होतं, पण संध्याकाळ खायला उठायची.

पुढं त्याच गावात अचानक तपासणीला गेलो. तहान लागली होती. दांड्याला हात घातला, तोच तीच बाई ओरडली, "ओ भाऊ, रांग हाय! आमच्या गुंडप्पा सायेबानं बी रांगंतच पाणी घेतलं."

तिनं मला ओळखलं नव्हतं. मी मागं जाऊन उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तिनंच दांडा मारला.

"लेकरू बरं आहे का?" मी विचारलं.

"हाव, खेळायलंय. तुमाला कसं ठावं?"

"ऐकलं होतं," म्हणालो आणि ओंजळ पुढं केली.

काम नीट सोपवलं गेलं की सोपवणाऱ्याला कोणी विचारत नाही. हे पुढं नव्या सुपरवायझरांना मी नेहमी सांगत आलो. मग भाकर कुणाबरोबर खायची, ते मात्र मलाही सांगता आलं नाही.