गोदूची सासू

आमच्या आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा म्हशीची धार काढायची राहिलीय, याची आठवण त्यांनीच करून दिली म्हणतात.

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासूबाई नव्हत्या, म्हणून चकलांब्याच्या आमच्या घरात त्यांचाच कारभार चाले आणि तो निजामाच्या मोगलाईतल्या कारभाराहून कडक होता. मी शेवगावकडची, इंग्रजी मुलखातली, मास्तरांची मुलगी. दर नागपंचमीला माझा भाऊ मुराळी होऊन मला न्यायला येई. दर वर्षी आत्याबाई त्याला पोटभर जेवू घालीत आणि एकट्याला वाटेला लावीत. "खुरपणी उरकू द्या पाव्हणं, मंग बघू." अशा तीन खुरपण्या उरकल्या. मी तोंडातून ब्र काढला नाही. मनातल्या मनात शिव्या मात्र भरपूर दिल्या.

तिसऱ्या खेपेला परत जाताना भावानं माझ्या हातात एक कादंबरी ठेवली. दुपारी डाळ निवडायला बाया जमत, तेव्हा मी ती मोठ्यानं वाचू लागले. दिवसाला चार पानं, सुगीत तेवढीही नाही. पोथी आहे का, असं आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी हो म्हटलं, नाहीतर त्यांनी वाचू दिली नसती. इथंच घोटाळा झाला. आमच्या गावात मोठ्यानं वाचायची ती पोथीच आणि पोथीतलं सगळं घडलेलं. आत्याबाई पोथीला धरतात तसे मुठीत गहू धरून, डोक्यावर पदर घेऊन ऐकायला बसू लागल्या.

कादंबरीत गोदू नावाची सून होती. सासू तिला माहेरी जाऊ देत नव्हती. आत्याबाईंचा जीव तिच्यावर असा जडला की विचारू नका. सकाळी भाकरी थापता थापता त्या मला विचारत, "काल ताप हुता तिला. उतरला आसंल का?" जेवताना पहिला घास त्या पोरीच्या नावानं बाजूला काढत. त्या सासूला तर अशा शिव्या घालत, की डाळ निवडणाऱ्या बाया माना खाली घालून बसत. मी आपली वाचत राही. सासूचं बोलणं वाचताना माझा आवाज जरा जास्तच चढे, हे कबूल करते.

शेवटी गोदूचा मुराळी दारातून परत गेला आणि त्याच तापात ती मेली. मी पुस्तक मिटलं. आत्याबाई उठल्या आणि लांबचा नातलग गेल्याची बातमी आल्यावर करतात तसं त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी घाबरले. ही पोथी नव्हे, सगळं रचलेलं आहे, गोदू कुणी नव्हतीच, असं सांगून टाकलं.

"गोदू नसंल," त्या म्हणाल्या. "सासू हाय."

पुढच्या पंचमीला भाऊ आला तेव्हा माझं गाठोडं ओसरीवर बांधून ठेवलेलं होतं. त्यानंतर एकही पंचमी चुकली नाही.

काही वर्षांनी आत्याबाईंनी अंथरूण धरलं. श्रावणात भाऊ आला, पण त्यांना तसं टाकून मी जायला तयार नव्हते. एव्हाना माझाही जीव त्यांच्यात अडकला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू जा. मला गोदूची सासू व्हून मरायचं न्हाई."

मी गेले. पंचमीच्या दिवशीच त्या गेल्या. शेवटची शुद्ध होती तेव्हा त्यांनी घरी असलेल्या माझ्या जाऊबाईंना एवढंच विचारलं, की पोर पोचली का माहेरी. पोचली म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

त्या वेळी मी शेवगावला झोक्यावर होते. मला त्याचा पस्तावा वाटायला हवा, असं लोक म्हणतात. मला वाटत नाही. झोक्यावर त्यांनीच बसवलं होतं मला.