सगळे पाडे एका दमात

जव्हारच्या बसस्टँडसमोर गुलामभाईंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो, पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. दोन हजार पाचच्या सुमाराला तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग खुर्चीत गुलामभाईंची थोरली मुलगी कशफ येऊन बसली. नाशकात मावशीकडे राहून ती कोर्स करून आली होती. तेव्हापासून गुलामभाईंना स्वतःच्याच दुकानात बसायला स्टूल शोधावं लागायचं.

मी प्रतिभा, अंगणवाड्यांची मुख्यसेविका. माझं तोंड फटकळ आहे हे जव्हार-मोखाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही आत्ताच सांगून ठेवते. कशफचं आणि माझं जमलं ते त्यामुळेच, कारण तिचं तोंड माझ्याहून फटकळ.

कुठलंही काम एकेक करून करायचा या मुलीला भयंकर कंटाळा. रेशनकार्डं लॅमिनेट करायची तर ती आधी गठ्ठा साठू द्यायची आणि मग मशीन तापवून सगळी एका दमात काढायची. तोवर गिऱ्हाईक बाहेर पायरीवर बसलेलं. गावाबाहेरची शिरपामाळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी कॅमेऱ्यातले फोटो छापायला दिले, की आठ कुटुंबांचे फोटो एकाच वेळी प्रिंटरला लावायची. मग कुणाची आजी कुणाच्या पाकिटात जायची आणि गुलामभाई लॉजवर जाऊन पाकिटं बदलून आणायचे. मी म्हणायचे, "अगं, एकेक कर की जरा." ती म्हणायची, "ताई, एकेक करायला मी काय पापड लाटतेय?"

दोन हजार आठच्या भाद्रपदातली गोष्ट. लांबच्या पाड्यांना छोट्या अंगणवाड्या मिळणार होत्या. प्रत्येक पाड्याचा प्रस्ताव करायचा: ग्रामसभेचा ठराव, मुलांची नावं, हाताने काढलेला नकाशा आणि तिथली अडचण दाखवणारा एक फोटो. त्या वर्षी मोखाड्याचाही चार्ज माझ्याच गळ्यात होता. दोन महिने चिखल तुडवून मी सगळं गोळा केलं, कशफकडून स्कॅन करून पीडीएफ बनवून घेतलं. आणि मग ठाण्याच्या जिल्हा ऑफिसातून फर्मान आलं. कागद नकोत, ई-मेल करा, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. त्यानंतर आलेला प्रस्ताव पुढच्या वर्षी बघू.

आता मेल करायचं तर आमच्या फायली अशा गलेलठ्ठ, की एक पाठवायला घेतली तर तासभर नुसता पट्टा सरकायचा आणि शेवटी "पाठवता आलं नाही" म्हणून कॉम्प्युटर हात वर करायचा. कशफने सगळ्या फायली रंगीत आणि एकदम भारी दर्जाच्या स्कॅन केल्या होत्या. काळ्या शाईच्या ठरावाला रंगीत कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "सरकारी काम आहे ना, चांगलं दिसायला नको?"

शुक्रवारी सकाळी मी दुकानात जाऊन डोक्याला हात लावून बसले. तिने चहा मागवला. "ताई, टेन्शन नका घेऊ. माझ्याकडे एक प्रोग्रॅम आहे. फायलींचा सगळा कळप आत सोडायचा, बटण दाबायचं, पलीकडून सगळ्या बारीक होऊन बाहेर." फक्त त्या प्रोग्रॅमला सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये लागायच्या आणि आमचे फोल्डर होते गावागावांचे. मग तिने एकेका गावाच्या फायली उचलून एका मोठ्या फोल्डरात ओतल्या. कॉपी नाही केल्या, कट केल्या. लग्नांच्या फोटोंनी कॉम्प्युटर तुडुंब भरला होता, कॉपीला जागाच नव्हती. मध्येच कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिने "येस टू ऑल" दाबलं. चहा संपायच्या आत सगळे पाडे बारीक झाले होते. मला इतकं बरं वाटलं की मी भजी मागवली.

मग एकेका गावाचे प्रस्ताव मेलला जोडायला घेतले. मी कागदावर खूण करत होते. "साखरशेतचा पाटीलपाडा?" तिने पाटीलपाड्याची फाईल उघडली, तर आत खोडाळ्याकडचा पाटीलपाडा. दुसरी शोधली. दुसरी नव्हतीच.

आमच्या भागात जिथे पोलीस पाटलाचं घर, तो पाटीलपाडा. गावागणिक एक असतोच. फोल्डरला गावाचं नाव दिलंय म्हणून बाईसाहेबांनी फायलींना नुसतं पाड्याचं नाव दिलेलं. फायली एका जागी ओतल्या तेव्हा कॉम्प्युटर बिचारा विचारत होता, की या नावाची एक आहे, जुनी पुसून टाकू का? ही म्हणाली, हो, सगळ्या पुस.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. गुलामभाई स्टूल घेऊन बाहेर जाऊन बसले. कशफने माझ्या हातातला कागद ओढला आणि कुठले कुठले पाडे गेले त्यांवर खुणा करायला लागली.

पुसल्या गेलेल्या बाकीच्या पाड्यांचे कागद माझ्या पिशवीत होते, ते पुन्हा स्कॅन झाले. साखरशेतच्या पाटीलपाड्याचे मात्र माझ्याकडे नव्हते. ते भागीकडे होते. ही भागी म्हणजे त्या पाड्यातली दोन पोरांची आई. सरपंचामागे, तलाठ्यामागे उन्हातान्हात फिरून तो ठराव तिनेच करून घेतला होता. कारण तिच्या पाड्याच्या आणि गावच्या अंगणवाडीच्या मध्ये ओहोळ. आदल्या पावसात तिचा पोरगा लाडक्या तिच्या खांद्यावरून निसटून त्या पाण्यात पडला, तेव्हा तिने त्याला केसांना धरून ओढून काढलं होतं. स्कॅन झाल्याबरोबर तिने माझ्याकडून कागद परत मागून नेले होते. "तुमचे हापिसात ठेवला का गहाळ होतो," असं माझ्या तोंडावर म्हणाली होती. मला तेव्हा राग आला होता.

तिथे फोन लागत नव्हता. कशफ उठली, गुलामभाईंच्या खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि मला म्हणाली, "बसा." साखरशेतपर्यंत मी डोळे मिटूनच बसले होते. आता तुम्हीच सांगा, माझं वय काय, तो रस्ता काय.

ओहोळाला कमरेच्या वर पाणी होतं. आम्ही अलीकडून हाका मारल्या. पलीकडे भागी दिसली. कशफने ओरडून सांगितलं, "भागीताई, तुझे कागद माझ्याकडून गेले. परत पाहिजेत, आत्ता." भागी लगेच वळली. आत गेली, कागद खताच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर घेतले आणि सरळ पाण्यात उतरली. मधोमध आली तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं, पाय घसरला, पण एक हात डोक्यावरच्या पिशवीला घट्ट. कशफ माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली मला.

अलीकडे आल्यावर भागीने कागद काही दिले नाहीत. "या बारीला मीच येतंय," म्हणाली. तिघी एका स्कूटरवर बसून आलो. जव्हारच्या चौकातल्या पोलिसाने आम्हाला बघून दुसरीकडे तोंड फिरवलं, बहुधा मला ओळखून.

दुकानात भागी ओल्या लुगड्यानिशी कॉम्प्युटरसमोर उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. कशफने पानं स्कॅन केली, फाईल बारीक केली आणि दाखवली. भागीने वाकून फोटो पाहिला. ओहोळातून बाया पोरं खांद्यावर घेऊन चालल्यात, असा तो फोटो मीच काढला होता. पडद्यावर नुसते चौकोन चौकोन दिसत होते.

"यात पोरां कुठं हाइत?" भागी म्हणाली. "नुसता गढूळ दिसतो. सायबाला काय कळंल?"

कशफने झटक्यात सकाळच्या फायली उघडल्या. सगळ्यांचं तेच. फायली बारीक करताना सगळ्या पाड्यांच्या फोटोंचा लगदा झाला होता आणि सकाळपासून आम्ही दोघींनी फोटोचं एकही पान उघडून पाहिलं नव्हतं. साडेतीन वाजून गेले होते. मी म्हटलं, "कशफ, राहू दे आता, आहे तसं पाठव." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने प्रोग्रॅमला नव्याने सांगितलं: ठराव, नावं, नकाशा काळे-पांढरे कर, वाटेल तितके दाब, फोटोच्या पानाला हात लावू नकोस. मग फायलींना आधी गावाचं नाव दिलं, मग पाड्याचं. एकेक करून. पापड लाटल्यासारखं. आणि मूळच्या मोठ्या फायलींचा सगळा कळप पुन्हा आत सोडला.

या वेळी चहा आला नाही. फायली एकेक बाहेर पडत होत्या आणि ती प्रत्येक उघडून भागीला दाखवत होती. साखरशेतची उघडली तेव्हा भागीने काचेला बोट लावलं. "हां. हा माझा लाडक्या. आता जाऊ दे."

शेवटची मेल पाचला थोडा वेळ असताना गेली. भागी तशीच उभी. "गेला का?" "गेला." "मंग मला कुणी घरा सोडंल?" कशफनेच सोडलं. ओहोळ उतरून भागी पलीकडे पोचेपर्यंत ती अलीकडे थांबली होती, हे मला गुलामभाईंनी सांगितलं.

मंजुरी उन्हाळ्यात आली. भागीने स्वतःच्या पडवीत अंगणवाडीला जागा दिली. जुलैत एक दिवस मी तिथे भेटीला जायला निघाले, पण ओहोळ असा फुगला होता की मला पलीकडे जाताच आलं नाही. जव्हारला परत येऊन मी दुकानात शिरले आणि कशफला म्हटलं, "पाणी छातीच्या वर होतं गं. आणि एकही पोर पाण्यात नव्हतं. पलीकडून पोरांची गाणी ऐकू येत होती."

ती काहीतरी खोचक बोलेल म्हणून मी तयारीत होते. ती लॅमिनेशनचं मशीन चालू ठेवून, गिऱ्हाइकांसमोर, ओढणीने तोंड झाकून रडायला लागली.