कोयत्याची पाठ
वेल्डिंगचा रॉड जळाल्याचा वास आला की मला पाथर्डीकडचं आमचं अंगण आठवतं. सुप्याच्या कंपनीत मी वेल्डर होतो, त्यामुळे सुट्टीत घरी मागं ऐसपैस बसता यावं म्हणून जुन्या मोटारसायकलची फ्रेम कापून लांब करताना कुणाला विचारायची मला गरजच वाटली नव्हती. जोड घासून असा गुळगुळीत केला की बोटालाही लागेना. ऊसतोडीला जाणारी माझी आई कोयता घेऊन आली आणि बैलगाडीचा आस तपासावा तशी कोयत्याच्या पाठीनं फ्रेम वाजवत गेली. "बाकी खनखनीत हाय, हितं बद्द वाजतंय." "अगं, मी रोज हेच काम करतो!" "करत आसशील. पर हितं जोड आत बसला न्हाई." चिडून मी जोड कापला. वेल्डिंग वरवरच चढलं होतं, आत पाइप कोराच. मग कडा तासून नव्यानं जोडलं आणि कोपऱ्यात जाड पत्र्याचा तिकोनी तुकडा भरला. आईनं पुन्हा वाजवून पाहिलं, आता तिथंही खणखणीत वाजलं, आणि तिनं कोयता छपरात खोचला. आता अशा लांब फ्रेम करून घ्यायला माझ्याकडे नगरहून माणसं येतात. रंग मारण्याआधी मी कोयत्याच्या पाठीनं प्रत्येक जोड वाजवून बघतोच. आई त्याच पहिल्या गाडीवर मागं बसते, आणि खड्डा आला तरी मला धरत नाही.