दानम्माचा उतलेला दंड

उदगीरच्या गुरुबसप्पा आडत्यांना आनंद झाला की ते घरात कुणालाच जागेवर बसू देत नसत. लातूर जिल्हा झाला तेव्हा तर ते स्वतःच कलेक्टर झाल्यासारखे गावभर हिंडत होते. पावसानं डोळे वटारले होते, विहिरींचे तळ दिसत होते, पण मंडळींना त्याचं काय! मिरवणुकीसाठी व्यापाऱ्यांनी एकसारख्या पांढऱ्या टोप्या शिवून घेतल्या आणि धुऊन कडक इस्त्री करायला केरबा परटाकडे टाकल्या.

पाण्याची बोंब, म्हणून केरबानं साऱ्या टोप्या एकाच हौदात बुचकळायचं ठरवलं. एरवी तो कपड्याच्या कोपऱ्याला बिब्ब्याच्या तेलाची बारीक खूण करी. या वेळी अदलाबदल नको म्हणून त्यानं टोप्यांच्या आतल्या पट्टीवर आधीच ठसठशीत खुणा केल्या, त्याही नेमक्या कपाळावर येतील अशा.

मिरवणूक झाली, भाषणं झाली, पेढे वाटले. दोन दिवसांत गुरुबसप्पांचं कपाळ टम्म फुगलं. भस्माचे पट्टे ओढायची सोय राहिली नाही. आणखी चार-पाच व्यापाऱ्यांची तीच गत, बाकीचे मात्र ठणठणीत. कुणी पेढ्यांवर आळ घेतला, तर कुणी म्हणालं, बिब्बाच उतला, त्याचंच तेल कातडीवर फुटलं. केरबा काकुळतीला आला.

"मालक, समद्यांच्या टोप्यांना एकाच बिब्ब्याची खूण हाय. मग पाच-सहा जनांनाच कसा उतंल?"

प्रश्न बिनतोड होता. तो ऐकून गुरुबसप्पांच्या लेकीच्या, दानम्माच्या पोटात गुदगुल्या झाल्या. नांदेडहून ती जीवशास्त्र शिकून आली होती. पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादेत जागाही मिळाली होती, पण अप्पा 'हो' म्हणत नव्हते.

"अप्पा, हे मी शोधून दिलं तर जाऊ द्याल?"

अप्पांना इतकी खाज सुटली होती की त्यांनी काहीही कबूल केलं असतं. "हाव, जा! पन आधी शोध तर!"

दानम्मानं टोपीची खुणेची पट्टी कापून आपल्याच दंडावर बांधली. आई रत्नम्मानं डोक्यावर हात मारून घेतला. दोन-तीन दिवसांनी पट्टी सोडली, तर दंड जसाच्या तसा! मग काय, बाईसाहेबांनी आडतीच्या दारात उभं राहून साऱ्या बाजाराला दंड दाखवला आणि निकाल देऊन टाकला: बिब्बा निर्दोष आहे. केरबानं सुटकेचा निःश्वास टाकला, आळ आता पेढ्यांवर आला म्हणून मिठाईवाला फणफणत निघून गेला, आणि अप्पांनी शब्द पाळला. हैदराबादचं तिकीट आलं, लाडवांचा डबा भरला.

पंधरा दिवसांनी, जायच्या दिवशी सकाळी मोरीत असताना दानम्माचा दंड चुरचुरला. पट्टी होती नेमकी तेवढीच जागा लाल होऊन टरारली होती.

झंपराची बाही खाली ओढली असती तर काम भागलं असतं. दाखवलं तर निकाल खोटा, आणि मग अप्पांचा शब्दही सुटला. तिनं बाहीला हात घातला. पण त्यापाठोपाठ दुसरंच काहीतरी उसळून आलं आणि ते काही आवरेना. अप्पांच्या पोटावर, टाचांवर लहानपणी दुखण्यावरचं औषध म्हणून सतत बिब्बा घातला जाई. तिच्या अंगाला तो त्या पट्टीआधी कधी लागलाच नव्हता! ती तशीच बाहेर धावली. निरोप द्यायला आलेली माणसं ओसरीवर चहा पीत होती.

"उतला! अप्पा, उतला!"

"म्हंजे तू चुकलीस?"

"साफ चुकले!" तिला हसू आवरेना. "बिब्ब्यानंच झालं सगळं. आधी लागलेला असला की झटकन उततो. माझी कातडी आत्ता कुठं शिकली, अप्पा! पण ती शिकते कशी? लक्षात कुठं ठेवते? आणि केरबाला रोज हाताळूनही काहीच का होत नाही? काहीच ठाऊक नाही मला!"

 रत्नम्मानं लाडवांचा डबा उचलून आत न्यायला घेतला. केरबा खाली मान घालून म्हणाला, "आता दोऱ्यानं खुना करतो, मालक." गुरुबसप्पा मात्र लेकीकडेच बघत राहिले होते.

"आडतीत माझी हयात गेली," ते म्हणाले. "सोता चुकल्यावर नाचनारं मानूस पहिल्यांदा बघून राहिलो. हिला हितं ठेवून मी काय करू? डबा ठेव तो गाडीत!"

पुढं हैदराबादेत आणि मग नांदेडच्या प्रयोगशाळेत दानम्माचं सारं आयुष्य त्या प्रश्नांमागं गेलं. केसांचे कलप, फवारणीची औषधं, सिमेंट, गाजर गवत. कातडीला काय काय डिवचतं, कोणत्या पेशी विषाची ओळख जपून ठेवतात, त्यांच्यातली कोणती जनुकं जागी होतात, याचा तिनं पिच्छा पुरवला. कित्येकदा ती तोंडावर आपटली आणि भर परिषदेत हसत हसत तसं सांगून मोकळी झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी उदगीर स्टेशनातून गाडी हलली तेव्हा ती सुजका दंड खाजवत हसतही होती आणि रडतही होती. गुरुबसप्पा धोतर सावरत खिडकीबरोबर पळत होते. फलाट संपायला आला तेव्हा धापा टाकत ते ओरडले, "दाने, तिथंबी खुशाल चुकत जा! पन असंच सांगत जा!"