लिफ्टवाल्या काकांचं विस्थापन

शाळेत त्यांना सगळे वेगबाई म्हणत. शिकवायच्या विज्ञान, बोलायच्या भरभर, आणि उदाहरणं अशी रंगवायच्या की मागच्या बाकावर पेंगणारी मंडळीही कान टवकारायची. वर्गाला हसवल्याशिवाय तास संपवायचा नाही, ही बाईंची जुनी खोड.

त्या दिवशी विस्थापन चाललं होतं. "किती हिंडलात ते विचारत नाही मी," बाई म्हणाल्या. "निघालात तिथून सरळ रेषेत किती लांब पोचलात, ते विस्थापन. त्याला वेळेने भागा, की झाला सरासरी वेग. आता आपल्या हॉस्पिटलातले लिफ्टवाले काका घ्या. दिवसभर वर-खाली, वर-खाली, आणि संध्याकाळी पुन्हा तळमजल्यावर. विस्थापन शून्य, सरासरी वेग शून्य. जन्मभर राबून माणूस आहे तिथेच."

वर्ग खो खो हसला. खिडकीपाशी बसणारी एक मुलगी तेवढी मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. तास संपल्यावर तिची मैत्रीण हळूच म्हणाली, "बाई, ते हिचे बाबा आहेत."

बाईंचे कान तापले. त्या मुलीला हाक मारायला गेल्या, पण खडू-डस्टर उचलून तशाच बाहेर पडल्या.

शाळा सुटताच त्यांनी हॉस्पिटल गाठलं. ओळख सांगितली तसे काका स्टुलावरून उठलेच. "तुम्ही होय वेगबाई? अहो, पोरगी तुमचा धडा रोज घरी शिकवते. भाजी चिरता चिरता तिच्या आईला गुरुत्वाकर्षण पाठ झालंय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात स्ट्रेचरवरून एक आजोबा लिफ्टमध्ये आले. "घाबरू नका, अलगद नेतो," काका त्यांना म्हणाले. बाईही आत शिरून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. आजोबांचं स्ट्रेचर वरच्या मजल्यावर उतरलं, लिफ्ट रिकामी झाली, आणि बाईंनी वर्गातलं सगळं सांगून टाकलं, हशासकट.

काकांचं बोट बटणावरच थांबलं. "ती हसली का?"

"नाही."

त्यांनी बोट बटणावरून काढून घेतलं. मग म्हणाले, "माझी माफी राहू द्या. तिची मागा. आणि वर्गात मागा, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मागितली. "गणित बरोबर होतं. माणसाबद्दल बोलले ते चूक होतं." मुलगी उभी राहून "ठीक आहे, बाई" म्हणाली आणि खाली बसली. तिने वर पाहिलं नाही.

वर्षअखेरीस विज्ञानात तीच पहिली आली. निकालाच्या दिवशी मुली एकेक करून बाईंना भेटून गेल्या. ती दारापर्यंत आली आणि तिथूनच वळली. बाईंच्या ओठांवर हाक आली होती. पण त्यांनी ती मारली नाही.